लेण, ओवरक, पोढी : डोंगरातील मुक्कामाचा शब्देतिहास

मुंबईच्या उपनगरांतील तरुणमंडळी शनिवारी रात्री पाठीवर पिशवी टाकून सह्याद्रीच्या वाटेला लागतात. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड या स्थानकांवर शेवटच्या गाड्यांच्या सुमारास त्यांचे थवे दिसतात. त्यांची रात्र कोठे जाते, या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले असते : गडावरील एखाद्या लेण्यात, देवळाच्या ओवरीत, अथवा पायथ्याच्या गावी एखाद्या घराच्या पडवीत. युरोपातील आल्प्स पर्वतात गिर्यारोहकांसाठी मुद्दाम बांधलेल्या झोपड्यांची परंपरा आहे. स्विस आल्पाइन क्लबने आपल्या स्थापनेच्याच वर्षी, १८६३ मध्ये, तोडी शिखराच्या अंगावर ग्रुनहॉर्न येथे पहिली झोपडी उभारली. आपल्याकडे तसे काही नाही, अशी खंत पुष्कळदा ऐकू येते. ती कितपत साधार आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी साधन म्हणून कोरीव लेखांतील व आजच्या मराठीतील काही शब्दच घेतले आहेत. कारण वास्तू पडतात, बुजतात, त्यांचा उपयोग पालटतो. शब्द मात्र पुष्कळदा मूळ उपयोगाची खूण अंगावर वागवीत राहतात.

प्रथम ‘लेणे’ हाच शब्द घेऊ. वर्गात हा शब्द आला की विद्यार्थी त्याचा अर्थ ‘कोरलेली गुहा’ असा सांगतात. कोणी अधिक चौकस असला तर ‘डोंगराने ल्यालेला अलंकार’ अशी फोड करतो. ही फोड मनोहर असली तरी खरी नव्हे. काजळ लेणे, दागिने लेणे यांतील धातू निराळा आणि डोंगरातील लेणे निराळे; उच्चारसाम्यामुळे दोन शब्दांची गाठ लोकांनी मागाहून मारली आहे. डोंगरातील लेण्याचे मूळ संस्कृत ‘लयन’ हे होय. ‘ली’ म्हणजे चिकटून राहणे, दडणे, विसावणे. ‘अय’चा ‘ए’ आणि ‘न’चा ‘ण’ होऊन प्राकृतात ‘लेण’ झाले व त्यापासून मराठीत नपुंसकलिंगी ‘लेणे’ आले. तेव्हा शब्दाचा मूळ अर्थ कोरीव काम असा नसून विसाव्याची जागा, आडोसा, निवारा असा आहे. याला पालि ग्रंथांचा निर्णायक पुरावा आहे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भिक्षूंना पाच प्रकारची ‘लेणे’ वापरण्याची अनुज्ञा दिलेली असून विहार, अड्ढयोग, पासाद, हम्मिय आणि गुहा अशी ती मोजलेली आहेत. म्हणजे गुहा हा लेण्याचा केवळ एक प्रकार आणि तोही यादीतील शेवटचा. सह्याद्रीत बेसाल्टाचा अभंग खडक विपुल असल्यामुळे येथे हा पाचवा प्रकारच इतका रूढ झाला की अखेर जातीचे नाव त्या एका व्यक्तीला चिकटून बसले.

आता ज्या स्थळी या शब्दाचा वापर दगडावरच वाचावयास मिळतो, त्या कान्हेरीकडे वळू. बोरिवलीच्या पूर्वेस, आजच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या पोटात, एका ओढ्याच्या दोन्ही अंगांस ही लेणी पसरलेली आहेत. त्यांची संख्या शंभरांहून अधिक भरते. इसवी सनाच्या आरंभाच्या आगेमागे सुरू झालेली येथील वस्ती जवळजवळ सहस्र वर्षे टिकली. स्थळाचे नाव लेखांत ‘कण्हसेल’ व ‘कण्हगिरि’, पुढील संस्कृत लेखांत ‘कृष्णगिरि’ असे येते. कृष्णाचे कण्ह, कण्हाचे कान्ह आणि गिरीतील ‘ग’ लोपून ‘कान्हेरी’ हा क्रम मराठी ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांस धरूनच आहे. कृष्ण म्हणजे येथे काळा; काळ्या खडकाचा डोंगर इतकाच त्याचा अर्थ.

या डोंगरावरील बहुसंख्य लेणी चैत्यगृहे नव्हेत. ती लहान राहण्याच्या खोल्या आहेत. पुढे दोन खांबांची ओसरी, मागे एक दालन, भिंतीलगत खडकातच राखलेला दगडी ओटा, आणि बाहेर एका बाजूस पाण्याचे टाके, असा त्यांचा साधारण आराखडा आहे. दर्शनी कपाळपट्टीच्या वर खडकात पन्हळी खोदून पावसाचे पाणी टाक्याकडे वळविलेले दिसते. पाहावयास आलेला मनुष्य चैत्यगृहातील भव्य मूर्तींपुढे थबकतो व या साध्या खोल्यांवरून पुढे निघून जातो. परंतु दात्यांनी जी नावे लेखांत कोरविली ती मुख्यतः याच साध्या वस्तूंची आहेत : लेण, कोढी, आसनपेढिका, चंकम, पोढी. यांपैकी पेढिका म्हणजे बसावयाची बैठक. ‘पीठिका’ या शब्दाचे हे प्राकृत रूप आजच्या मराठीत सावकाराची ‘पेढी’ होऊन बसले आहे. चंकम म्हणजे येरझारा घालण्याची जागा. पोढी अथवा पानियपोढी म्हणजे पाण्याचे टाके. हा शब्द कान्हेरीप्रमाणेच जुन्नर, नाशिक, कुडे येथील लेखांतही आढळतो. त्याचे काम आज ‘टाके’ हा शब्द करतो.

या वस्तूंच्या देणग्यांचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. यज्ञश्री सातकर्णीच्या सोळाव्या राज्यवर्षातील, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाच्या सुमाराचा, एक लेख कान्हेरीस आहे. कल्याणच्या एका व्यापाऱ्याने लेणे व कोढी दिल्याची नोंद त्यात आहे. त्याबरोबर दोनशे कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे मुद्दल न मोडता व्याजावर चालणारा निधी, आणि मंगलठाण गावातील एक शेतही दिलेले आहे. जो भिक्षू तेथे वर्षावास करील त्यास चीवरासाठी सोळा कार्षापण मिळावेत, अशी त्यात तजवीज आहे. मंगलठाण म्हणजे आजचे बोरिवलीचे मागाठाणे. मधल्या ‘ल’काराचा व अनुस्वाराचा लोप आणि आद्य स्वराचे दीर्घत्व एवढाच काय तो फरक. ज्या शेताच्या उत्पन्नावर डोंगरावरील मुक्कामाचा खर्च चाले, त्याच परिसरात आज इमारतींच्या रांगा आहेत. बसगाडीच्या पाटीवर मात्र ते दानपत्रातील नाव अद्याप फिरत आहे.

वर्षावास हा शब्द येथे कळीचा आहे. बुद्धकाळी पावसाळ्यातही भिक्षू फिरत राहत तेव्हा ते कोवळे गवत व बारीक जीव तुडवितात अशी लोकांनी तक्रार केली, आणि म्हणून आषाढी पौर्णिमेनंतर तीन महिने एकाच ठिकाणी राहावे असा नियम झाला, अशी कथा महावग्गात आली आहे. उघड्यावर, झाडाच्या ढोलीत, निवाऱ्यावाचून वर्षावास करू नये, असेही तेथे सांगितले आहे. कोकणच्या पावसाचा ज्याला अनुभव आहे त्याला या नियमातील व्यवहारज्ञान पटावे. पुढच्या आठ कोरड्या महिन्यांचे पाणी साठवावयाचे असे ते याच दिवसांत. त्यामुळे निवारा आणि टाके ही जोडी कोठेच सुटलेली नाही. पुढे किल्ल्यांच्या बाबतीतही तेच तत्त्व दिसते. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात, गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे व नसल्यास खडक फोडून टाकी करावीत असा उपदेश आहे. कान्हेरीच्या दक्षिणेस याच डोंगररांगेत १८६० मध्ये विहार आणि १८७९ मध्ये तुळशी हे तलाव पुरे होऊन मुंबईस पाणी गेले, तेही पोढीच्याच तत्त्वाचे विस्तृत रूप होय.

येथवर भिक्षूंच्या निवाऱ्याचा विचार झाला. परंतु प्रवाशाच्या निवाऱ्याचे काय? त्यासाठी नाणेघाटात जावे लागते. सोपारा व कल्याण ही बंदरे जुन्नरमार्गे पैठणास जोडणारी वाट या घाटाने चढते. घाटमाथ्याजवळ खडकात एक प्रशस्त दालन खोदलेले असून त्याच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा सुप्रसिद्ध लेख आहे. मागील भिंतीवर सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी इत्यादी राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज त्यांची नावे व पायांचे अवशेष तेवढे उरले आहेत. लेखात श्रौत यज्ञांची व दक्षिणांची नोंद आहे. बौद्ध संघाचा तेथे संबंध नाही. भिक्षूंच्या खोल्याही नाहीत. आहेत ती बसावयाची बाकडी, आणि बाहेर पाण्याची टाकी. वर्दळीच्या वाटेवर, चढ संपता संपता, दालन, बाक व पाणी अशी योजना असता ती वाटसरूंच्या उपयोगाची होती असे अनुमान करण्यास हरकत नाही. तेथील एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचा लेखही आहे. खाडीकाठच्या बंदरातील मनुष्य घाटमाथ्यावर पाण्याची सोय करतो, यातच त्या वाटेवरील येरझाऱ्यांचे चित्र आहे.

अनुमानाच्या पलीकडचा स्पष्ट पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणी त्याने चौसोपी ‘आवसथ’ व ‘प्रतिश्रय’ दिल्याचे नमूद आहे. हीच प्राचीन धर्मशाळा. नद्यांवर फुकट तरी चालविल्या, तीरांवर सभा व ‘प्रपा’ बांधल्या, असेही तो सांगतो. या नद्यांत डहाणूजवळची डहाणुका आहे. प्रपा म्हणजे वाटसरूंना पाणी पाजण्याची जागा. ‘पाणपोई’तील ‘पोई’ हा त्याच शब्दाचा वंशज मानतात. याच लेण्यात उषवदाताची पत्नी दक्षमित्रा हिने दिलेल्या एका खोलीचा लेख असून तेथे खोलीला ‘ओवरक’ म्हटले आहे.

हा ओवरक आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. संस्कृत ‘अपवरक’ म्हणजे आतली, आड केलेली खोली. ‘अप’चा ‘अव’ व ‘अव’चा ‘ओ’ होऊन प्राकृत ‘ओवरक’ सिद्ध झाला. गुजरातीत त्याचा ‘ओरडो’ झाला व तो घरात राहिला; मराठीत स्त्रीलिंगी रूपापासून ‘ओवरी’ झाली व ती देवळात गेली. देवळाच्या प्रांगणाभोवती कमानींची जी रांग असते तिला आपण ओवऱ्या म्हणतो, आणि यात्रेकरू, गोसावी, वारकरी, वाटचुके तेथे पथारी पसरतात. भिक्षू गेले, संघ गेला, राजकुले गेली. दान दिलेल्या खोलीत परक्या माणसाने रात्र काढावी हा व्यवहार शब्दासह धर्माची सीमा ओलांडून देवळाच्या आवारात येऊन राहिला. हरिश्चंद्रगडावरील देवळालगतच्या गुहांत किंवा रतनगडावरील कोरीव खोल्यांत रात्र काढणारा आजचा तरुण हा या व्यवहाराचा वारसदार आहे, त्याला त्याची जाणीव असो वा नसो. १९५४ मध्ये मुंबईत ‘गिरिविहार’ या संस्थेची स्थापना होऊन गिर्यारोहणास संघटित रूप येऊ लागले. त्या संस्थेच्या नावातही विहार हा शब्द असावा हा योगायोग मोठा सूचक आहे.

तेव्हा आपल्याकडे डोंगरातील निवाऱ्यांची परंपरा नाही, हे म्हणणे टिकत नाही. आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवर साधूंनी चालविलेले वाटसरूंचे आश्रयस्थान अकराव्या शतकाच्या मध्यास निघाले. नाणेघाटातील दालन त्याहून हजार वर्षांनी जुने आहे. तथापि केवळ जुनेपणाचा अभिमान मिरविण्यात अर्थ नाही. त्या खिंडीतील आश्रयस्थान अद्याप चालू आहे. आमच्या पोढ्यांत गाळ आहे. फरक वास्तूत नाही. वास्तूबरोबर जे नियम असावयाचे ते आम्ही विसरलो, हा फरक आहे.

ते नियम अस्तित्वात होते. दानलेखांत लेणे ‘चातुदिस’ संघाला दिल्याचे येते, म्हणजे चारी दिशांच्या भिक्षूंना. आलेल्या तसेच अद्याप न आलेल्यांनाही, असे विनयग्रंथ त्यास जोडतात. निवाऱ्याचा कोणी एक धनी नाही, परंतु उद्या येणाऱ्याचा त्यावर आजच हक्क आहे, ही कल्पना त्यात अंतर्भूत आहे. चुल्लवग्गाच्या आठव्या खंधकात ‘आगंतुक’ म्हणजे बाहेरून येणारा, ‘आवासिक’ म्हणजे तेथे राहणारा आणि ‘गमिक’ म्हणजे निघून जाणारा अशा तिघांची कर्तव्ये निरनिराळी सांगितली आहेत. येणाऱ्याने पादत्राणे काढून, झाडून आत यावे. प्यावयाचे पाणी कोणते व वापरावयाचे कोणते ते विचारून घ्यावे. राहणाऱ्याने आसन मांडावे, पाय धुण्यास पाणी द्यावे. जाणाऱ्याने लाकडी व मातीची भांडी जागच्या जागी लावावीत, दारे-खिडक्या बंद कराव्यात आणि कोणास तरी सांगून, जागा सोपवून मगच निघावे. आल्प्समधील झोपडीच्या दारावर आज जी सूचनांची पाटी असते तिच्यात याहून फारसे निराळे काही नसते. लॅटिन ‘होस्पेस’ या शब्दाचे पाहुणा आणि यजमान असे दोन्ही अर्थ होतात. या तीन भिक्षूंतही एकच मनुष्य आज आगंतुक, उद्या आवासिक आणि परवा गमिक असावयाचा.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांसमवेत एका गडावर मुक्काम करण्याचा प्रसंग आला. अंधार पडता पडता आम्ही टाक्याशी पोहोचलो, तो पाण्यावर उष्ट्या पत्रावळी व तेलाचा तवंग. आदल्या रात्रीच्या मंडळींनी भांडी त्यातच विसळली होती. खाली वाडीपर्यंत उतरून पाणी आणीतो मध्यरात्र झाली. वाडीतील एका म्हाताऱ्या बाईंनी घागर भरून दिली आणि म्हणाल्या, “पोरांनो, वरचं पाणी आमच्या गुरांचंबी हाय, ते घाण करू नगा.” प्यावयाचे पाणी कोणते व वापरावयाचे कोणते, ते विचारून घ्यावे, हे विनयवचन त्या रात्री वर्गात शिकविल्याहून अधिक स्पष्ट कळले.

भिंतींवर नावे कोरण्याच्या खोडीचाही येथे विचार करणे प्राप्त आहे. यावर एक आक्षेप घेता येईल, व तो प्रामाणिक आहे. कान्हेरीतील एका लेण्यात पहलवी लिपीत काही लेख असून इसवी सन १००९ व १०२१ मध्ये तेथे येऊन गेलेल्या पारशी मंडळींची ती नावे आहेत. तीही पाहुण्यांनी लिहिलेली नावेच. मग त्यांचे आम्ही वाचन करावे आणि आजच्या पोरांना मात्र रागे भरावे, हा पंक्तिप्रपंच नव्हे काय? उत्तर सोपे नाही. त्या लेखांना आज मोल आहे ते आपल्याकडे त्या काळच्या पारशी समाजाविषयी दुसरी साधने अत्यल्प आहेत म्हणून. कोरण्याच्या कृतीला त्यामुळे पुण्य चढत नाही. मात्र कान्हेरीच्या शेकडो वर्षांच्या लेखांत एक गोष्ट सातत्याने दिसते : दात्याचे नाव येते ते त्याने दिलेल्या वस्तूसह. सोपाऱ्याचा गोविंददास आपले नाव लिहितो त्याच दगडावर पोढी असते. इसवी सनाच्या नवव्या शतकात, शिलाहारांच्या अमदानीत, गौड देशाहून आलेला उपासक अविघ्नाकर कान्हेरीस शंभर द्रम्म ठेवतो तेव्हा त्याचेही नाव राहते. नावाबरोबर काही ठेवून जावे, हा तेथील प्रघात होता. केवळ नाव ठेवणारा मनुष्य त्या प्रघातात बसत नाही.

आज कान्हेरी हे संरक्षित स्मारक आहे. तेथे रात्रीचा मुक्काम करता येत नाही आणि तो करू देऊ नये, हेच योग्य. लेण्याचे लेणेपण, म्हणजे निवारा असणे, तेथे संपले. आता ते पाहण्याचे स्थळ झाले. अर्थसंकोचाची ही शेवटची पायरी होय. परंतु सह्याद्रीतील शेकडो गुहा, ओवऱ्या व टाकी अद्याप वापरात आहेत, आणि त्यांचेही असेच होणार की नाही हे वापरणाऱ्यांवर अवलंबून आहे. गैरवापराने कंटाळून एखाद्या गावाने देवळाच्या ओवरीला कुलूप घातले तर दोन सहस्र वर्षांचा व्यवहार त्या गावापुरता संपला असे समजावे.

शेवटी एका शब्दाकडे लक्ष वेधून हा लेख पुरा करतो. विनयातील ‘आगंतुक’ हा सन्मानाचा शब्द आहे. त्याच्यासाठी आसन मांडावयाचे, त्याला सामोरे जावयाचे. मराठीत तोच शब्द आज न बोलाविता येऊन बसणाऱ्या, नकोशा माणसाला लावतात. शब्दाचा असा अपकर्ष अकारण होत नाही. पुष्कळ पाहुण्यांनी पुष्कळ दिवस आपली कर्तव्ये चुकविली म्हणजेच तो होतो. शनिवारी रात्री डोंगराकडे निघणाऱ्या तरुणाला लोक कोणत्या अर्थाने आगंतुक म्हणणार, हे रविवारी सकाळी तो टाक्याचे पाणी कसे ठेवून खाली उतरतो यावर ठरावयाचे आहे.